खो: एक हात, एक हाक

भाईंदरहून चर्चगेटला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये एक जुनी रीत आहे. बसून आलेला माणूस अर्ध्या वाटेत उठतो, उभ्या असलेल्या सोबत्याच्या खांद्याला हात लावतो आणि त्याला आपली जागा देतो. मला तो दर वेळी खोच वाटतो. खो-खोत मात्र नुसता हात चालत नाही. हात पाठीवर आणि ‘खो’ कानावर एकाच क्षणी पडावा लागतो. नाहीतर पंचांची शिट्टी वाजते.

शिवाशिवीचे खेळ जगभर आहेत. सिडनीत 1968 साली टच फुटबॉलचा क्लब निघाला. तिथे प्रतिस्पर्ध्याला आडवे पाडण्याऐवजी नुसता स्पर्श पुरेसा ठरला. आपल्या खेळात स्पर्श दोन. समोरच्याला शिवलं की तो बाद. आणि आपल्याच गड्याच्या पाठीला शिवलं की पाठलाग त्याचा. हा दुसरा स्पर्श हीच खो-खोची खरी कमाई, असं माझं ठाम मत आहे.

त्याची गरज पडली ती पाठलाग करणाऱ्यावरच्या बंधनांमुळे. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा निसटतो. एकट्याने त्याला गाठणं कठीणच. म्हणून शेजारशेजारचे गडी उलटसुलट तोंडं करून बसतात आणि एका खोसरशी पाठलाग पाटीच्या पलीकडे जातो. खो मिळाला की एक उठतो आणि देणारा त्याच्या चौकोनात बसतो. ‘खो’ हा शब्दही या धावपळीला शोभणारा आहे. महाप्राण ‘ख’ धापेबरोबरच बाहेर पडतो.

एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती काम गेलं की आपण ‘खो दिला’ म्हणतो, आणि कुणी मोडता घातला की ‘खो घातला’. पहिला प्रयोग मला पाठलाग करणाऱ्याच्या बाजूने बोलणारा वाटतो, दुसरा पळणाऱ्याच्या: मोकळी दिसणारी वाट अचानक अडली, हा त्याचाच अनुभव.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खेळाचे नियम बांधले. पुढे बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने 1924 मध्ये आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने 1935 मध्ये त्यांवर हात फिरवला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाड्याला झाली.

आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक. पुरुषांचे 20 आणि महिलांचे 19 संघ. प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, प्रतीक वाईकरच्या पुरुष संघाने नेपाळलाच 54-36 असं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, याचा आनंद झालाच. पण त्याहून मोठा आनंद वेगळाच होता. पेरू, ब्राझील, इराण, दक्षिण कोरिया इथले खेळाडू पळता पळता ‘खो’ ओरडत होते. या शब्दाचं भाषांतर करायची गरज कुणालाच पडली नव्हती. मातीच्या जागी मॅट आली होती, हव्या त्या दिशेने वळू शकणारा ‘वजीर’ आला होता, तीन मिनिटांहून जास्त टिकणाऱ्या तुकडीला गुण मिळत होते. खो मात्र तसाच द्यावा लागत होता, मागून, हात लावून, मोठ्याने.