बरव्यांचे घड्याळ : प्रभाकर बरवे यांच्या चित्रकलेतील काळ आणि अर्थ

'वेळ' आणि 'काळ' हे दोन शब्द मराठीत पर्यायी म्हणून वापरले जात असले, तरी ते समानार्थी नाहीत. घड्याळात वेळ पाहतात, काळ पाहत नाहीत. गाडीची वेळ चुकते, परंतु घाला घालतो तो काळ. संस्कृतातील 'वेला' या शब्दाचा अर्थ मर्यादा, कड, समुद्राचा किनारा असा आहे. तेव्हा वेळ म्हणजे काळाला घातलेली कड होय, आणि काळाला स्वतःची अशी कड नाही. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांविषयी लिहिताना हा भेद बाजूला सारला, की एक सोपे समीकरण हाती लागते : त्यांच्या चित्रांत घड्याळ वारंवार येते, घड्याळ हे काळाचे प्रतीक, म्हणून ही चित्रे काळाविषयीची. या समीकरणाचा शेवट कदाचित बरोबर असेल. त्याची मधली पायरी मात्र चुकीची आहे.

बरवे यांचा जन्म १९३६ साली अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील शिक्षण १९५९ साली संपल्यावर १९६१ साली ते विणकर सेवा केंद्रात रुजू झाले आणि वाराणसीस गेले. हातमागाच्या कापडासाठी नवे नमुने तयार करण्याच्या कामी चित्रकारांना बोलावणारी ही शासकीय संस्था होती. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे चित्रकारही काही काळ तिच्या मुंबई केंद्रात होते. या नोकरीचा उल्लेख चरित्रात एका ओळीत उरकला जातो, ते योग्य नव्हे. कापडावरच्या नमुन्यातील पान हे कोणत्याही ऋतूतले पान नसते. ते कोणत्या झाडावरून, केव्हा गळले हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. त्याला कथा नसते, केवळ जागा असते. बरव्यांच्या पुढील चित्रांतले पान पाहताना या गोष्टीची आठवण व्हावी.

वाराणसीच्या वास्तव्यात त्यांचा तांत्रिक आकृत्यांशी परिचय झाला. तो काळही तसाच होता. मद्रासमध्ये के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६३ च्या सुमारास 'शब्द आणि चिन्हे' ही चित्रमालिका आरंभिली होती. जन्मकुंडल्या आणि गणिती मांडणी यांची आठवण करून देणारी, लिपीसारखी दिसणारी परंतु वाचता न येणारी अक्षरे तिच्यात होती. अजित मुखर्जी यांचा तंत्रकलेवरील ग्रंथ १९६६ साली आला. गुलाम रसूल संतोष आणि बिरेन डे यांनीही ही वाट धरली. या सर्वांना पुढे 'नवतांत्रिक' ही एकच चिठ्ठी चिकटवण्यात आली आणि तीत बरवेही अडकले. पहिल्या दशकातील चित्रांपुरती ती खरी आहे. यंत्रातील अधोमुख त्रिकोण म्हणजे शक्ती, ऊर्ध्वमुख त्रिकोण म्हणजे शिव, हा अर्थ परंपरेने ठरलेला आहे. चित्रकार त्रिकोण उचलतो तेव्हा त्याबरोबर त्याचा अर्थही उचलतो, आणि जाणकार प्रेक्षक तो कोशात पाहिल्याप्रमाणे लावून घेतो. साधकाच्या दृष्टीने हीच यंत्राची शक्ती आहे. चित्रकाराच्या दृष्टीने मात्र ते उसने धन होय. बरवे यांनी १९७० नंतरच्या काळात ही ठेव परत केली, ही त्यांच्या कलाजीवनातील सर्वांत महत्त्वाची घटना म्हणावी लागेल.

तिच्या जागी आल्या त्या घरातल्या आणि अंगणातल्या वस्तू : पान, फळ, शिंपला, सेफ्टी पिन, घड्याळ. येथे अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स याचे चिन्हांचे वर्गीकरण उपयोगी पडते. त्याच्या मते काही चिन्हे साम्यामुळे अर्थ देतात, काही प्रत्यक्ष संबंधामुळे आणि काही केवळ संकेतामुळे. धूर हे अग्नीचे निर्देशक चिन्ह, कारण त्याचा अग्नीशी प्रत्यक्ष संबंध आहे. घड्याळाची गणना पर्स याच दुसऱ्या वर्गात करतो. घड्याळ वेळेचे प्रतीक नसून तिचा निर्देश करणारे साधन आहे, आणि चालू असेल तोवरच ते हा निर्देश करते. चित्रात रंगवलेले घड्याळ चालत नाही. त्याचा वेळेशी असलेला धागा तुटलेला असतो. साल्वादोर दाली याने १९३१ साली वितळलेली घड्याळे रंगवली, तेव्हा हा तुटलेला धागा त्याने वाकवून दाखवला. बरव्यांचे घड्याळ वितळत नाही. ते शाबूत राहते आणि शेजारच्या पानाइतकेच मुके होते. अतिवास्तववादी म्हणून दोघांना एका दावणीला बांधण्यात काही स्वारस्य नाही.

मग अर्थ येतो कोठून? शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन १९१६ पासून भाषाशास्त्रात सर्वपरिचित आहे. बरवे यांच्या चित्रांत वस्तू एकमेकींपासून अंतर राखून असतात. त्यांच्या आकारमानांत परस्पर प्रमाण नसते, त्यांना जोडणारी गोष्ट नसते. एकीची कड दुसरीच्या कडेला कोठेतरी प्रतिसाद देते, इतकेच. प्रेक्षकाची दृष्टी फळावरून पानाकडे, पानावरून घड्याळाकडे जाते, परत येते, आणि या येण्याजाण्यातच चित्राचा काळ आहे. घड्याळ काढून टाकले तरी तो उरेल.

काव्य कालाश्रित आणि चित्र अवकाशाश्रित, अशी वाटणी लेसिंगने १७६६ साली 'लाओकोऊन' या ग्रंथात केली. बरव्यांच्या चित्रांशी ज्याचे नाते अनेकांनी जोडले आहे, त्या पॉल क्ले याने १९२० साली ही वाटणी नाकारली, कारण अवकाश हीदेखील कालिक कल्पना आहे असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडे हा विचार भाषेच्या बाजूने फार पूर्वी झाला. 'वाक्यपदीया'च्या पहिल्या कांडात भर्तृहरीने शब्दाच्या स्वरूपासाठी चित्रकाराचाच दृष्टान्त दिला आहे. चित्रकार मूर्ती अवयवाअवयवाने पाहतो, मग ती त्याच्या बुद्धीत एकसंध होते, आणि पुन्हा क्रमाने तो ती पटावर उतरवतो. क्रम, अक्रम आणि पुन्हा क्रम. तिसऱ्या कांडातील कालसमुद्देशात काळाच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत : अनुमती देणारी आणि रोखून धरणारी. बरव्यांनी भर्तृहरी वाचला होता, असे येथे सुचवायचे नाही. परंतु त्यांच्या पटावर वस्तू जशी प्रकट होते आणि तिची पुढची हालचाल जशी रोखलेली असते, तिचे वर्णन करण्यास याहून नेमकी परिभाषा आढळत नाही.

त्यांनी वापरलेल्या माध्यमाचाही या संदर्भात विचार व्हावयास हवा. ते एनॅमलचे रंग वापरीत. कुंचल्याचा फटकारा हा चित्र घडण्याच्या वेळेची खूण असतो. हात कोठे थांबला, कोठे घाईत गेला, हे तो सांगतो. एनॅमलचा सपाट, चकचकीत थर ही खूण बव्हंशी पुसून टाकतो. चित्र केव्हा झाले ते चित्र सांगत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला सर्वत्र व्याकरण दिसू लागते, हा धोका येथेही आहेच. बरवे यांच्या चित्रांना 'चित्रलिपी' म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण लिपीतील चिन्ह पुन्हा आले तर त्याचे काम तेच राहते. बरव्यांचे पान दुसऱ्या चित्रात गेले की नव्याने आरंभ करते. त्यांच्या वस्तूंचा कोश करता येणार नाही, आणि तंत्राचा तयार कोश सोडून देणाऱ्या चित्रकाराला तो करावयाचाही नव्हता.

१९९० साली त्यांनी मराठीत लिहिलेले 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी, १९९५ च्या डिसेंबरात, त्यांचे निधन झाले. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ साली त्यांच्या चित्रांचे आणि टिपणवह्यांचे जे प्रदर्शन भरले, त्याचे नाव 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स', म्हणजे रिकाम्या पेटीच्या आत, असे होते. मराठीत 'रिकामा' आणि 'कोरा' एक नव्हेत. पेटी रिकामी असते ती काही काढून घेतल्यावरही, म्हणजे रिकामेपणाला भूतकाळ असू शकतो. कोरे ते, ज्याला अद्याप काही झालेले नाही. विणकर मागावरून उतरलेल्या, पाणी न लागलेल्या कापडाला कोरे म्हणतो. विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षे काम केलेल्या चित्रकाराने आपल्या एकमेव पुस्तकासाठी यांतला दुसरा शब्द निवडला.