'१०० टक्के अरॅबिका' कॉफी एवढी नाजूक का असते?

कॉफीच्या पाकिटावर '१०० टक्के अरॅबिका' असं मोठ्या अभिमानाने छापलेलं असतं. रोबस्टा म्हणजे स्वस्त, कडवट, इन्स्टंट कॉफीत जाणारी, असा सर्वसाधारण समज. पण अरॅबिकाचा जन्मच रोबस्टापासून झालाय, हे तुम्हाला माहिती आहे का?

आफ्रिकेत काही लाख वर्षांपूर्वी रोबस्टा आणि युजेनिऑइडिस या दोन रानटी प्रजातींचा नैसर्गिक संकर झाला. दोघींची गुणसूत्रं प्रत्येकी २२. संकरातून आलेल्या झाडाने दोन्ही संच जपले आणि ४४ गुणसूत्रांची अरॅबिका तयार झाली. तिच्यात कॅफिन रोबस्टाच्या जवळपास निम्मं, साखर जास्त. म्हणून ती कमी कडू लागते आणि भाजल्यावर तिचा सुगंध खुलतो. (अर्थात मळ्याची उंची आणि बिया कशा वाळवल्या, भाजल्या यावरही चव ठरते. सगळं श्रेय जनुकांना देऊन चालणार नाही.)

अडचण पुढे आहे. अरॅबिकाचं फूल स्वतःच्याच परागकणांनी फळतं, त्यामुळे नवी जनुकं सहसा येत नाहीत. त्यात इथिओपियातून येमेनला आणि तिथून जगभर गेली ती मोजकीच रोपं. आज जगात लावलेली बरीचशी अरॅबिका 'टिपिका' आणि 'बर्बन' या दोनच घराण्यांतली आहे. म्हणजे एकाला जो रोग झाला, तो सगळ्यांनाच होणार!

झालंही तसंच. १८६९ मध्ये श्रीलंकेत तांबेरा आला, पुढच्या काही वर्षांत मळे उद्ध्वस्त झाले आणि मळेवाले चहाकडे वळले. आज आपण 'सिलोन टी' म्हणतो, त्यामागे ही बुरशी आहे.

मग वाचवलं कोणी? नातेवाइकांनीच. तिमोर बेटावर अरॅबिका आणि रोबस्टाचा आपोआप झालेला एक संकर सापडला, तो तांबेऱ्याला पुरून उरला. 'कॅटिमोर'सारख्या जाती त्याच्यापासूनच केल्या. कर्नाटकातल्या मळ्यांत दिसणाऱ्या 'एस ७९५' या भारतीय वाणात तर लायबेरिका या तिसऱ्याच प्रजातीची जनुकं आहेत. पण बुरशीही बदलते. जुन्या वाणांची ताकद हळूहळू कमी पडते आणि पुन्हा रानटी कॉफीकडे जावं लागतं.

ती किती उरलीये? ब्रिटनच्या क्यू गार्डन्सच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १२४ प्रजाती तपासल्या. त्यातल्या ६० टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात निघाल्या, रानटी अरॅबिकासुद्धा. शिवाय कॉफीचं बी गहू-तांदळासारखं वाळवून, गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येत नाही. तिचा वाण जपायचा तर झाडच जिवंत ठेवावं लागतं.