पनवेल बंदर: भरती, गाळ आणि वाढती जहाजे

पनवेल म्हटले की आज आठवतो तो रस्ता. कोकणात जाणाऱ्या एसटीचा थांबा, कळंबोलीचा लोखंड बाजार, पुण्याकडे निघणारा द्रुतगती मार्ग. समुद्र कुणाला आठवत नाही. जुन्या गावात मात्र बंदर रोड आहे, कोळीवाडा आहे, टपाल नाका आहे. माणसे विसरली तरी गल्ल्यांची नावे बरेच काही धरून ठेवतात. मुंबईत बेटांच्या टोकाला परदेशी पर्यटक-जहाजांसाठी नवे टर्मिनल उभे राहिले असताना, आणि येणारी जहाजे दरवर्षी मोठी होत असताना, या विसरलेल्या प्रवासी बंदराचा इतिहास पुन्हा वाचावासा वाटतो. मुंबईला उतरलेला माणूस देशावर जाताना जिथे दुसऱ्यांदा उतरत असे, ते हे बंदर.

पनवेलला खुला समुद्र कधीच नव्हता. मुंबईच्या खाडीमुखातून आत शिरणारी, बेलापूर आणि उलव्याच्या मधून वळणारी खाडी गाढी नदीला जिथे भेटते, तिथवर भरतीचे पाणी पोचते. त्या पाण्याच्या शेवटच्या टोकाला हे गाव वसले. दोन्ही बाजूंना खाजण, तिवरांची रांग, पलीकडे मिठागरे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरच्या आसपास जातो. म्हणजे जिथे सकाळी मचवा तरंगतो तिथे दुपारी चिखलात बगळे चालतात. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. तेव्हा पनवेलला जाणाऱ्या प्रवाशाला घड्याळाचा काही उपयोग नसे. भरती तांडेलाला विचारायची. ती चुकली तर मधेच कुठेतरी नांगर टाकून पुढच्या पाण्याची वाट पाहायची. भांगाच्या दिवसांत, पाणी मुळातच कमी चढते तेव्हा, ही वाट लांबे.

असे अडचणीचे बंदर टिकले कसे? उत्तर समुद्रात नाही, डोंगरात आहे. पनवेलच्या पाठीशी प्रबळगड, दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका, आणि पूर्वेला एका टप्प्यावर बोरघाट. कर्नाळ्याचा किल्ला कुणी बांधला याबद्दल इतिहासकारांनी काहीही म्हणो, तो कशासाठी बांधला हे तिथे उभे राहिले की कळते: खाडीतून वर जाणारा माल तिथून दिसतो. पनवेल हे जहाजांचे बंदर नव्हतेच. ते घाटाचे बंदर होते. पाण्यावरचे ओझे बैलाच्या पाठीवर चढवायचे ठिकाण. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली की पुढचा इतिहास सोपा होतो.

१७७८ च्या नोव्हेंबरात रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रजांची फौज मुंबईहून होड्यांनी पनवेलला उतरली. खाडी ओलांडणे हा या मोहिमेतला सर्वांत सोपा भाग ठरला. पुढे सामानासाठी एकोणीस हजार बैल होते असे सांगतात. त्यांना घेऊन मुख्य सैन्य खंडाळ्याला पोचेपर्यंत डिसेंबर संपत आला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या बखरींचा आणि बोलीचा ‘इष्टुर फाकडा’, पडला, आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला तह करावा लागला. या पराभवाची राजकीय कारणे शाळेत शिकवतात. पनवेलच्या बाजूने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते: समुद्रावर बलाढ्य असलेली सत्ता बंदरापलीकडच्या पहिल्या पंचवीस कोसांत अडकली. जहाज कितीही चांगले असो, बंदराची ताकद त्याच्या पाठीमागच्या वाटेने ठरते.

पेशवाई संपण्याआधीपासून इंग्रज प्रवासी याच वाटेने पुण्याला जात. मारिया ग्रॅहम १८०९ साली गेली, कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ च्या पावसाळ्यात गेला. दोघांनी प्रवासवर्णने लिहिली. ही पुस्तके साहित्याच्या विद्यार्थ्याने एका वेगळ्या कारणासाठी पाहावीत. या प्रवासाला मधोमध एक सांधा आहे. मुंबई ते पनवेल पाणी, पनवेल ते पुणे जमीन. आणि सांध्यावर थांबणे आलेच. भोई जमवायचे, तट्टू ठरवायचे, बंगल्यात रात्र काढायची. प्रवासी लेखकाची नजर गावाकडे वळते ती बहुधा अशाच सक्तीच्या मुक्कामात. वाहन न थांबता गेले असते तर पनवेलचा उल्लेखही झाला नसता.

१८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. बैलाच्या पाठीवरून येणारा देशावरचा माल आता चाकांवरून खाली उतरू लागला आणि पनवेलचे रूप पालटले. इथे गाड्या आणि चाके बनवण्याचा धंदा इतका वाढला की ब्रिटिश गॅझेटियरनाही त्याची वेगळी नोंद घ्यावीशी वाटली. मला ही नोंद फार बोलकी वाटते. बंदरगावात होड्या बांधणारे असणार हे कुणीही गृहीत धरील. पनवेलची ओळख मात्र चाके. गावाला आपले हित कशात आहे ते नेमके कळले होते. १८३० पासूनची पुढची पाव शतके हा पनवेल बंदराचा ऐन बहर मानायला हरकत नाही. १८५२ साली इथे नगरपालिका स्थापन झाली, राज्यातल्या अगदी आरंभीच्या नगरपालिकांत तिची गणना होते.

आणि पुढच्याच वर्षी बोरीबंदर-ठाणे आगगाडी धावली. लोहमार्ग ठाण्याहून कल्याण, कर्जत करीत १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोचला. पनवेल त्याच्या वाटेवर नव्हते. १८६३ साली बोरघाटाचा चढ रूळांनी पार केला आणि मुंबईचा माणूस भरती न विचारता पुण्याला जाऊ लागला. पनवेलला स्वतःचा लोहमार्ग मिळायला त्यानंतर शंभर वर्षे लागली.

तेव्हा जहाजे मोठी झाल्यामुळे पनवेल बंदर मेले, हे विधान अर्धे खरे आहे. पहिला घाव रूळांचा. मोठ्या जहाजांनी काय केले ते कळण्यासाठी सगळा कोकण किनारा एकदम पाहावा लागतो. सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूणचे गोवळकोट, अर्जुनेच्या वरच्या टोकाला राजापूर: ही सगळी पनवेलची भावंडे. भरती जिथे संपते आणि घाटाची वाट जिथे सुरू होते तिथे वसलेली. गलबत, मचवा, पडाव या जातीच्या नौकांसाठी ही जागा अगदी बेताची होती. आगबोट आली आणि तिला ही जागा पुरेना. बाणकोट, दाभोळ, जैतापूर ही मुखावरची नावे वेळापत्रकात आली. आतली गावे त्यांच्या भरवशावर राहिली. डोंगर उघडे पडत गेले तसा गाळ वाढला आणि खाड्या आणखी उथळ झाल्या. जहाज वाढते तसे बंदर समुद्राकडे सरकते. मागे राहिलेल्या गावाने दुसरे काही काम शोधायचे.

पण मुखावरच्या बंदरांनाही ती आगबोट पुरती परवडली नाही. हर्णैला, मालवणला बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि प्रवासी पडावातून तिच्यापर्यंत जात. लाटेवर पडाव वर आला की खलाशी हात देई, ती वेळ साधून पाऊल टाकायचे. पोरेबाळे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या सगळे तसेच वर चढे. कोकणातल्या जुन्या माणसांच्या आठवणींत आगबोटीपेक्षा हा पडावच जास्त येतो. आजच्या पर्यटक-जहाजांच्या धंद्यात या प्रकाराला ‘टेंडर’ म्हणतात. जहाज बंदरात मावत नसेल तर ते बाहेर नांगरते आणि छोट्या होड्या पर्यटकांना किनाऱ्यावर सोडतात. दोन हजार, तीन हजार माणसे, एकेका होडीत शंभर-दीडशे. नाव इंग्रजी, सोय आलिशान. बाकी हर्णैचा पडावच.

पनवेलच्या दाराशी मोठे जहाज आले ते माणसांशिवाय. न्हावा आणि शेवा या खाडीकाठच्या गावांपाशी जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. मुंबईच्या जुन्या गोद्या कंटेनरच्या नव्या जहाजांना अपुऱ्या पडत होत्या, म्हणून खाडीच्या पलीकडे खोल धक्के बांधले गेले. शेवा कोळीवाड्यातली कुटुंबे उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाडा नावाने वसवली. तिथली घरे वाळवीने पोखरली आणि पुनर्वसनाचा लढा दशकानुदशके चालला. त्याआधी १९८४ च्या जानेवारीत नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मरण पावले. बंदर समुद्राकडे सरकते हे वाक्य वर मी सहज लिहिले. ते सरकताना ज्यांच्या अंगावरून गेले त्यांची ही नोंद.

आणि सरकणे थांबलेले नाही. नेहरू बंदराची वाहिनी खोदून खोदून पंधरा मीटरच्या आसपास नेली, तरी आजच्या चोवीस हजार कंटेनरांच्या जहाजाला ती पुरत नाही. म्हणून पालघर जिल्ह्यात वाढवणला, जिथे नैसर्गिक खोली वीस मीटरच्या घरात आहे, ३० ऑगस्ट २०२४ रोजी नव्या बंदराची पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध सर्वांना ठाऊक आहे.

पर्यटक-जहाजांची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिकडे लिहिणाऱ्यांचे पुरेसे लक्ष जात नाही असे मला वाटते. ही जहाजे मालवाहू जहाजांसारखी खाली वाढत नाहीत; ती वर आणि आडवी वाढतात. २०२४ मध्ये प्रवासाला लागलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे, त्याचे मापन सुमारे अडीच लाख टन, म्हणजे टायटॅनिकच्या पाचपटीहून अधिक. पण पाण्याखाली ते नऊ मीटरांपेक्षा फारसे खोल जात नाही. त्याला खोली भागते. भागत नाही ते गाव. सात हजारांहून अधिक प्रवासी वाहू शकणारे जहाज सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. इटलीच्या सरकारने १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी केली.

मुंबईत बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता सांगितली जाते. क्षमता इमारतीची आहे. मुंबईहून २०२१ पासून नियमित सफरी करणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० च्या बांधणीचे, सुमारे ४८ हजार टनांचे. म्हणजे टायटॅनिकच्या वर्गातले. आपल्या किनाऱ्याला पेलणारे जहाज कुठले, याचे एक उत्तर त्यात आहे. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली तेव्हा जुन्या कोकण बोटीची आठवण काढणारे पुष्कळ लेख आले, पण ती सेवा टिकली नाही. आठवणीवर बोट चालत नाही हे खरे. पण ती बोट दाभोळला, जयगडला, विजयदुर्गला थांबून माणसे चढवत-उतरवत गेली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला सोडत नाही.

कारण जहाज मोठे होते तसे त्याला बंदर कमी लागते. बाजार, नाटकगृह, पोहण्याचे तलाव, सगळे आतच. ‘रणांगण’ (१९३९) या विश्राम बेडेकरांच्या कादंबरीतली आगबोट आठवावी: तिथे जहाज हेच जग आहे आणि बंदरे म्हणजे त्या जगाला पडलेल्या खिडक्या. युद्धाच्या सावलीत निर्वासितांना घेऊन निघालेल्या त्या बोटीची बंदिस्ती भयावह होती. आजच्या पर्यटकाला तीच बंदिस्ती सुट्टी म्हणून विकली जाते. पनवेलच्या मुक्कामात भोई, तट्टूवाले, चाके करणारे सुतार यांचा वाटा होता. तो भरतीने आणि थांबण्याने दिला होता. सात तासांत परत निघणाऱ्या जहाजाच्या हिशेबात तो बसवायचा कसा, हे नव्या टर्मिनलच्या आराखड्यात मला सापडत नाही.

पनवेलपुरते बोलायचे तर गाव पुन्हा दार झाले आहे. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. नोव्हेंबर १७७८ मध्ये होड्यांनी ओलांडलेले पाणी आता मोटारीने वीसेक मिनिटांत मागे पडते. ८ ऑक्टोबर २०२५ ला खाडीकाठी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदी वळवली आणि दहा गावे हलवली. त्यांतल्या एकाचे नाव तरघर. कानाला त्यात ‘तर’ ऐकू येते, नदी ओलांडणारी होडी. हा कानाचा कौल आहे, पुरावा म्हणून देत नाही.

न्हावा-शेव्याच्या क्रेन जिथून दिसतात त्या उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. अलीकडच्या वर्षांतही गाळामुळे आणि सुकतीमुळे ती तासन्‌तास बंद ठेवावी लागली आहे. पलीकडे हजारो कंटेनरांचे जहाज खोदलेल्या वाहिनीतून आत येत असते, आणि अलीकडे धक्क्यावर मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका पाणी चढायची वाट पाहतात.