तुरुंगातील व्यसनमुक्तीसाठी संगणक-साहाय्यित उपचार

समुपदेशकाने रुग्णाशी बोलून करावयाच्या उपचारांचा मोठा भाग संगणकावरील पाठांद्वारे देण्याच्या पद्धतीस संगणक-साहाय्यित उपचार म्हणतात. मद्य किंवा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या बंद्यांसाठी इंग्लंड व अमेरिकेतील तुरुंगांत ही पद्धत वापरून पाहण्यात आली आहे.

अशा बहुतेक प्रणालींचा पाया ‘कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी’ हा आहे. नशेची ओढ कोणत्या प्रसंगी, कोणत्या विचाराने वा कोणाच्या संगतीत लागते हे रुग्णाने स्वतः ओळखावे आणि तिला टाळण्याचे मार्ग सरावाने अंगवळणी पाडावेत, हे तिचे सूत्र. येल विद्यापीठाच्या कॅथलीन कॅरोल यांनी तयार केलेल्या संगणकीय आवृत्तीच्या ७७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. लिसा मार्श व वॉरन बिकेल यांच्या ‘थेरप्युटिक एज्युकेशन सिस्टिम’मध्ये साठहून अधिक पाठ आहेत. दहा उपचार केंद्रांतील ५०७ रुग्णांवर तिची बारा आठवडे चाचणी झाली. नेहमीच्या समुपदेशनाचा काही भाग कमी करून हे पाठ दिले असता नशेपासून दूर राहणाऱ्यांचे प्रमाण वाढले. या चाचणीत नशा न करणाऱ्यांना बक्षिसेही मिळत होती; त्यामुळे यशाचे सारे श्रेय संगणकाला देता येत नाही. पुढे हीच प्रणाली अमेरिकी तुरुंगांतही अजमावण्यात आली.

तुरुंगात या पद्धतीचे दोन लाभ संभवतात. समुपदेशक मोजके असले तरी पाठ सर्वांना सारखाच मिळतो. दुसरा लाभ गोपनीयतेचा. गटचर्चेत उघड केलेली दुबळी बाजू बराकीत आपल्याच विरुद्ध वापरली जाईल, ही भीती पडद्यासमोर उरत नाही. ध्वनी व चित्रफितींमुळे वाचनात कच्च्या असलेल्या बंद्यांचीही सोय होते.

मुख्य अडचण इंटरनेटची. बंद्यांना ते खुले ठेवता येत नाही. इंग्लंडमध्ये ‘ब्रेकिंग फ्री ऑनलाइन’ हा कार्यक्रम ‘व्हर्च्युअल कॅम्पस’ या बंदिस्त जाळ्यावरून देण्यात आला. हे जाळे मुळात बंद्यांच्या शिक्षण व रोजगारासाठी उभारलेले आहे. सुटलेल्या व्यक्तीने तोच कार्यक्रम बाहेर पुढे चालू ठेवावा, अशी यामागील कल्पना आहे.

तिचे महत्त्व जिवाशी निगडित आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ बंद्यांच्या अभ्यासात, पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका सर्वसाधारण रहिवाशांच्या तुलनेत १२९ पट आढळला. तुरुंगवासात शरीराची सहनक्षमता घटते आणि सुटल्यावर पूर्वीचीच मात्रा घेतली जाते, हे त्याचे एक प्रमुख कारण.

येथेच संगणकाची मर्यादा दिसते. ‘थेरप्युटिक एज्युकेशन सिस्टिम’वर आधारलेल्या ‘रीसेट’ या उपयोजनास २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेल्या परवानगीत अफूजन्य पदार्थांच्या व्यसनाचा समावेश नव्हता. सुटकेनंतरच्या अनेक मृत्यूंमागे मात्र हेच पदार्थ असतात. त्यांच्यासाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे लागतात. इंग्लंडमधील ३९ तुरुंगांच्या २०१७ च्या अभ्यासात, सुटतेवेळी अशी औषधे सुरू असलेल्यांमध्ये पहिल्या महिन्यातील मृत्यू ७५ टक्क्यांनी कमी आढळले.