सोपाऱ्याचा स्तूप आणि संकल्पाचा मनुष्य

नालासोपारा स्टेशनाच्या पश्चिमेस जुनें सोपारा गांव आहे. तेथील एका विटामातीच्या टेकाडास लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें खणलें आणि आंत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटांत दगडी पेटी, पेटींत तांब्याचा करंडक व त्याभोंवतीं आठ लहान धातुमूर्ति. तांब्याच्या आंत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटीं सोन्याचा करंडक. एवढ्या बंदोबस्तांत काय, तर मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या जपल्या गेल्या, असें मानतात.

हेंच सोपारें ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथांतलें शूर्पारक. येथला व्यापारी पूर्ण भिक्षु झाला आणि बुद्ध या नगरीस आला. त्याच्यासाठीं बांधलेला चंदनाचा प्रासाद दर्शनास लोटलेले लोक मोडूं लागले, तेव्हां बुद्धानें तो स्फटिकाचा केला, म्हणजे बाहेरूनच सर्वांस दर्शन घडावें, अशी कथा आहे. केवळ संकल्पानें असें कांहीं उभें करणें यास बौद्ध वाङ्मयांत निर्माण म्हणतात, आणि संकल्पानें उभ्या केलेल्या मनुष्यास निर्मित. संस्कृत ग्रंथ तिबेटींत उतरले तेव्हां या कल्पनेसाठीं जो शब्द योजला गेला, तोच आज ‘तुल्पा’ या नांवानें जगभर फिरतो.

तो फिरला मुख्यतः अलेक्झांड्रा दाविद-नील या फ्रेंच प्रवासी विदुषीच्या १९२९ सालच्या पुस्तकामुळें. बाईंनीं एकांतांत कांहीं महिने ध्यान करून एक बुटका, लठ्ठ, आनंदी भिक्षु मनानें घडविला. पुढें त्या प्रवासास निघाल्या आणि तो बरोबर चालला. येथवर नवल नाहीं. नवल असें कीं, त्यांनीं न सांगतां तो थांबे, इकडेतिकडे पाही. क्वचित् त्याच्या झग्याचा स्पर्श झाल्यासारखा वाटे. हळूहळू त्याचा चेहरा उतरला आणि मुद्रेवर उपहास दिसूं लागला. लोणी घेऊन आलेल्या एका धनगरानें तर त्यास खराच लामा समजून पाहिलें, असें त्या लिहितात.

सांगितल्यावांचून झालेली ही पहिली हालचाल! तिचा अर्थ काय? आंत दुसरें कोणी जागें झालें, हा अर्थ चटकन सुचतो आणि गोडही वाटतो. परंतु ज्यांच्याकडून ही कल्पना निघाली, ते प्राचीन आचार्य या बाबतींत फार सावध होते. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशां’त नियम आहे: कर्ता बोलला म्हणजे निर्मित बोलतो, कर्ता गप्प तर तोही गप्प. केवळ बुद्धाचा निर्मित बुद्धाशीं आळीपाळीनें प्रश्नोत्तरें करतो; पण तें सामर्थ्य बुद्धाचें, निर्मिताचें नव्हे. जातककथेंत चुल्लपंथक आमराईंत आपलीं एक हजार रूपें उभीं करतो. बोलावण्यास आलेल्या माणसानें नांव घेतांच सारे भिक्षु ‘मीच चुल्लपंथक’ म्हणून उठतात! जो प्रथम बोलेल त्याचा हात धर, असें बुद्ध सांगतो. हात धरतांच बाकीचे नाहींसे होतात.

निर्मितास स्वतंत्र मन आहे ही समजूत या ग्रंथांतली नव्हे. ती थिऑसफीच्या विचारांतून तुल्पाला चिकटली, असें मिकल्स व लेकॉक या अभ्यासकांनीं २०१५ सालीं दाखविलें, आणि मला तें पटतें. मात्र दाविद-नील बाईंचा अनुभव खोटा ठरविण्याचें कारण नाहीं. २००३ सालीं मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पन्नास कथालेखकांस विचारलें, तेव्हां शेंकडा ९२ जणांनीं पात्रें आपल्या मनानें वागतात असा कांहींना कांहीं अनुभव सांगितला. सवयीनें मुरलेली कल्पना आपल्या नकळत काम करूं लागते आणि आपणांस ती परकी भासते. तेव्हां न सांगतां मान वळली, तर ‘हा कोण?’ असें विचारण्यापूर्वीं ‘माझ्यांतलें हें काय?’ असें विचारावें. बाईंच्या भिक्षूच्या मुद्रेवरचा उपहास कोणाचा होता, याचा शोध मला त्या भिक्षूपेक्षां अधिक मोलाचा वाटतो.

बाईंनीं शेवटीं तो भिक्षु विसर्जित करण्याचें ठरविलें. घडविण्यास कांहीं महिने लागले होते. मोडण्यास सहा महिने कष्टावें लागलें.