उलांडी आणि नव्वद फुटांच्या दोन नावा

आमच्या वेळापूरपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. येथील मुलांना नावेची पहिली ओळख होते ती पंढरपुरात, चंद्रभागेच्या पात्रात. माणसे चढू लागली की नावाडी हटकून ओरडतो, ‘एका अंगाला बसू नका!’ नाव बांधणाऱ्यांचा सर्वांत जुना प्रश्न हाच. वारा लागला, लाट आली किंवा माणसे एका बाजूला सरकली, तरी नाव उलटू नये म्हणून काय करावे?

या प्रश्नाला जगभर दोन प्रकारची उत्तरे मिळाली. एक उत्तर वजनाचे. नावेच्या तळाशी दगड, वाळू, पुढे शिसे असे जड नीरम ठेवायचे, म्हणजे कललेली नाव पुन्हा सरळ होते. दुसरे उत्तर रुंदीचे. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापणीची जुन्या पद्धतीची होडी पाहिलीत, तर तिच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी बांधलेला हलक्या लाकडाचा ओंडका दिसेल. तीच उलांडी. होडी अरुंद, पण उलांडीमुळे तिचा पाण्यावरचा पाया रुंद होतो. फाकवून उभा राहिलेला पहिलवान सहजी पडत नाही, तसेच हे. पॅसिफिक महासागरातील बेटांवरचे लोक याच युक्तीने हजारो मैलांचा प्रवास करीत. कधी उलांडी लावून, तर कधी दोन होड्या शेजारी शेजारी जोडून.

अशा जोडनावेला आज सगळे जग ‘कॅटामरान’ म्हणते. शब्द आपल्याच देशातला, तमिळमधल्या ‘कट्टुमरम्’वरून आलेला, अर्थ ‘बांधलेली लाकडे’. गंमत अशी, की तमिळ कोळ्यांचे कट्टुमरम् म्हणजे ओंडके बांधून केलेला तराफा. दोन धडांची नाव नव्हेच! युरोपीय लोकांनी नाव उचलले आणि दुसऱ्याच वस्तूला चिकटवले.

युरोप-अमेरिकेत वजनाचे उत्तर शिष्टसंमत ठरले होते. १६६० च्या दशकात विल्यम पेटी या गृहस्थाने आयर्लंडमध्ये दोन धडांची जहाजे बांधून पाहिली, पण ती चाल रुळली नाही. १८७६ साली नॅथॅनिएल हेरेशॉफ या अमेरिकन नौकाशिल्पीची ‘अमॅरिलिस’ ही जोडनाव न्यूयॉर्कच्या शर्यतीत पुढे निघून गेली. हरलेल्यांनी हरकत घेतली, तिला बाद ठरवण्यात आले आणि पुढे अशा नावांना नेहमीच्या शर्यतींतून मज्जावच झाला. वेगवान असणे हाच तिचा गुन्हा ठरला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आता ‘अमेरिकाज कप’कडे वळू. १८५१ साली ‘अमेरिका’ या नौकेने इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइटला वळसा घालण्याच्या शर्यतीत जिंकलेला हा चषक. न्यूयॉर्क यॉट क्लबने तो १९८३ पर्यंत, म्हणजे १३२ वर्षे, कोणाला घेऊ दिला नाही. त्याचे नियम १८८७ च्या दानपत्रात लिहिलेले आहेत. दोन्ही पक्षांचे जमले तर त्यांनी आपसात नियम ठरवावेत. न जमल्यास तीन शर्यतींपैकी दोन जिंकणारा विजयी, आणि एका डोलकाठीच्या नावेची पाण्याच्या रेषेवरची लांबी ९० फुटांहून अधिक नसावी. नावेला धडे किती असावीत, याबद्दल मात्र दानपत्र काहीच बोलत नाही. १९८८ साली न्यूझीलंडच्या भल्यामोठ्या एकधडी नावेसमोर अमेरिकनांनी लहानशी कॅटामरान उभी केली आणि सहज जिंकली. खटला झाला. कागदात मनाई नाही, तेव्हा जोडनाव चालते, असा निकाल १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने दिला.

पुढचा मोठा तंटा २००७ चा. तेव्हा चषक ‘अलिंगी’ या स्विस चमूकडे होता. वेळापूरच्या मुलांनी लक्षात ठेवावे, की स्वित्झर्लंडलाही समुद्र नाही! अलिंगीने आव्हानवीर म्हणून स्पेनचा एक नवा क्लब मान्य केला. या क्लबाने दानपत्रात सांगितल्याप्रमाणे समुद्रावर वार्षिक शर्यत कधी भरवलीच नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट यॉट क्लबाने, म्हणजे लॅरी एलिसन यांच्या ‘ओरॅकल’ चमूने, न्यायालय गाठले आणि एप्रिल २००९ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. आपसात जमण्याचा प्रश्नच उरला नव्हता. दानपत्र शब्दशः लागू झाले आणि ९० फूट हीच काय ती मर्यादा राहिली.

या काळातली तयारी मोठी विलक्षण होती. शर्यत कोठे होणार, कधी होणार, वारा कसा असणार हे ठरलेले नाही. समोरचा काय बांधतो आहे तेही पुरते ठाऊक नाही. स्विस चमूने कॅटामरान बांधली, अमेरिकनांनी तीन धडांची ट्रायमरान. दोघेही रुंदीच्या उत्तराकडे का वळले? नाव वेगाने जाऊ लागली की तिने उठवलेली लाट लांब होत जाते. लाटेची लांबी नावेच्या लांबीएवढी झाली की जड नाव स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते. या वेगाचे सूत्र साधे आहे: मीटरमधील लांबीच्या वर्गमुळाला १.२५ ने गुणा, उत्तर मीटर प्रतिसेकंद येते. ९० फूट म्हणजे २७.४ मीटर, वेग येतो सुमारे ६.५ मीटर प्रतिसेकंद, तासाला २३ किलोमीटरच्या आसपास. लांब, सडपातळ आणि हलके धड मोठी लाट उठवतच नाही, म्हणून हे कुंपण त्याला अडवत नाही. पण सडपातळ धड एकटे उभे राहत नाही. त्याला उलांडी हवी, नाहीतर जोडीदार हवा. अमेरिकन नावेची रुंदीही सुमारे २७ मीटर होती. वाऱ्याकडची धडे पाण्याबाहेर उचलली गेली की सगळी नाव एका कडेच्या धडावर तोलली जाई, म्हणजे वजनाला जवळजवळ साडेतेरा मीटरचा तरफदंड मिळे.

जिनिव्हाच्या सरोवरात चाचण्या झाल्यावर अलिंगीची नाव ऑगस्ट २००९ मध्ये रशियन बनावटीच्या प्रचंड हेलिकॉप्टरला टांगून आल्प्सपलीकडे इटलीच्या किनाऱ्यावर नेली गेली. इकडे ३ नोव्हेंबर २००९ रोजी सॅन दिएगोजवळ सराव करताना अमेरिकन नावेची डोलकाठी मोडून पाण्यात पडली. त्यांच्याकडे दुसरा डाव तयारच होता. कापडी शिडाच्या जागी विमानाच्या पंखासारखा ताठ, उभा पंख. उंची ६८ मीटर, कुतुबमिनारापेक्षा जेमतेम पाच मीटरने कमी. पुढचा भाग आणि मागच्या झडपा यांच्यामध्ये फट ठेवलेली होती. तीतून जाणारी हवा पंखाच्या पाठीला चिकटून वाहते, म्हणून त्याला हवा तसा बाक देता येतो. गैरसोयही तेवढीच मोठी. वादळ आले तर शीड गुंडाळता येते, पंख गुंडाळता येत नाही.

शर्यत स्पेनमधील व्हॅलेन्सियाला ठरली. ८ फेब्रुवारी २०१० रोजी वाऱ्याने दगा दिला आणि सगळे हात हलवीत परतले. १२ तारखेला सुरुवातीलाच अमेरिकन नाव रेषेजवळ अडखळून मागे पडली, पण वाऱ्याच्या दिशेने वर चढताना पंखाने तिला वाऱ्याच्या दुपटीहून अधिक वेग दिला. ती १५ मिनिटे २८ सेकंदांनी जिंकली. १४ तारखेला दुसरी शर्यत ५ मिनिटे २६ सेकंदांनी. चषक अमेरिकेला गेला. अडीच वर्षांची कोर्टबाजी आणि अमाप खर्च, तो या दोन शर्यतींसाठी. माझ्या मते या प्रकरणात वकिलांपेक्षा पंख बांधणारे अधिक लक्षात ठेवण्याजोगे.

मग वजनाचे उत्तर चुकीचे होते काय? त्याच जानेवारीत आपल्या नौदलातील कमांडर दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करीत केप हॉर्नला वळसा घालून गेले. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली त्यांची ५६ फुटी ‘म्हादेई’ एकधडी, तळाखाली जड वजन असलेली. अशी नाव लाटेने पार आडवी केली तरी पुन्हा उठते. रुंद जोडनाव एकदा पूर्ण उलटली, की उलट्या स्थितीतच तितकीच स्थिर राहते! दक्षिण महासागरात एकट्या माणसाने कोणती निवडावी, हे वेगळे सांगायला नको.

वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीत उभी काडी खोवून ती परातीतल्या पाण्यावर सोडा. ती लगेच लोळेल. मग तिला दोन काड्यांनी थर्मोकोलची उलांडी बांधा आणि अंतर दोन-दोन सेंटीमीटरने वाढवत प्रत्येक वेळी उभी काडी दोऱ्याने हळूच ओढा. आमच्याकडे हा प्रयोग चालू असताना एका मुलीने विचारले, ‘मग चंद्रभागेतल्या नावेला उलांडी का नाही?’ मी तिलाच फळ्यावर घाट, पायऱ्या आणि दाटीने लागलेल्या नावा काढायला सांगितल्या. तिसरी नाव काढतानाच तिने उलांडीची रेघ पुसून टाकली.