माग अदरचा वृक्ष

जेधे शकावली वाचलेल्या माणसाला आयरिश मठांतल्या शकावल्या फारशा परक्या वाटत नाहीत. तीच कोरडी, वर्षवार, एका-दोन ओळींची नोंद. अमुक राजा वारला, अमुक साली गुरे मेली, अमुक मठ जळाला. या शकावल्यांत ९८२ सालची एक नोंद आहे. मेल शेख्निल नावाच्या राजाने दाल गाश घराण्याच्या मुलखावर स्वारी केली आणि माग अदर येथील ‘बिले’ जमिनीतून मुळांसकट खणून तोडला. बिले म्हणजे पूज्य वृक्ष. माग अदर ही दाल गाश राजांच्या राज्यारोहणाची जागा. आजच्या क्लेअर परगण्यात ती आहे. पुढे साऱ्या आयर्लंडवर अधिकार सांगणारा ब्रायन बोरू याच घराण्यातला.

ही नोंद मी फार उशिरा वाचली. त्याआधी एका व्याख्यानात आपल्या देवरायांबद्दल बोलताना मी केल्टिक लोकांचे उदाहरण मोठ्या आत्मविश्वासाने दिले होते. त्यांच्या वर्षाचे तेरा महिने होते, प्रत्येक महिन्याला एकेक पवित्र वृक्ष होता, असे सांगून टाळ्याही घेतल्या होत्या. नंतर या ‘वृक्षपंचांगा’चे मूळ शोधायला बसलो, तेव्हा ते कोणत्याही मध्ययुगीन पोथीत सापडेना. ते सापडले इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या ‘द व्हाइट गॉडेस’ या १९४८ सालच्या पुस्तकात. ग्रेव्ह्ज यांनी ते आपल्या प्रतिभेने रचले होते. आधार होता ओघम लिपीच्या अक्षरनावांचा. ही लिपी मुख्यतः दगडांच्या कडांवर कोरलेली आढळते. असे सुमारे चारशे शिलालेख आज शिल्लक आहेत, आणि त्यांवर बहुतेक ठिकाणी आहेत ती माणसांची नावे. अक्षरनावांपैकी काही खरोखर झाडांची आहेत. ‘बेथ’ म्हणजे बर्च आणि ‘दर’ म्हणजे ओक, ही त्यांतली दोन. पण वीस मूळ अक्षरांत अशी निर्विवाद नावे निम्म्याहून कमी आहेत. बाकीच्यांना मध्ययुगीन पंडितांनी ओढूनताणून झाडे चिकटवली. गंमत अशी, की ग्रेव्ह्ज यांचे आजोबा बिशप चार्ल्स ग्रेव्ह्ज हे ओघमचे नाणावलेले अभ्यासक होते. नातवाने मात्र कवीचा मार्ग धरला.

मला ओशाळल्यासारखे झाले. मग प्रश्न पडला, की पंचांग बाजूला काढले तर खाली खरे काय उरते?

रोमन लेखकांनी लिहिलेले उरते. पण ते जपून वाचावे लागते. थोरल्या प्लिनीने गॉलमधल्या ड्रुइड पुरोहितांचे वर्णन केले आहे. ओकवर उगवलेले बांडगूळ ते पवित्र मानत आणि चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातला पुरोहित झाडावर चढून सोन्याच्या विळ्याने ते कापी. टॅसिटसने लिहिले आहे, की इ. स. ६० च्या सुमारास रोमन सैन्याने मोना बेट, म्हणजे आजचे अँगलसी, घेतले आणि तिथल्या देवराया तोडल्या. दोघेही जेत्यांच्या बाजूचे. ड्रुइडांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. आपली विद्या लेखणीत उतरवणे त्यांना मान्य नव्हते, असे सीझर सांगतो. या मोकळ्या जागेत पुढच्या काळात पुष्कळांनी आपापली चित्रे रंगवली. वेल्सच्या इओलो मॉर्गनुगने १७९२ साली लंडनच्या प्रिमरोज हिलवर ‘प्राचीन’ ड्रुइड सोहळा भरवला, तो त्याचा स्वतःचाच कल्पनाविलास होता.

आयर्लंडची गोष्ट वेगळी, कारण तिथे लिहिणारे तिथलेच होते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. माग अदरची नोंद करणारे भिक्षू ख्रिस्ती होते, ज्याचे झाड तोडले तो राजा ख्रिस्ती होता आणि तोडणाराही ख्रिस्तीच. ख्रिस्ती धर्म येऊन तोवर पाच शतके लोटली होती. तरी बिले तोडणे ही स्वारीतली नोंदवण्याजोगी गोष्ट होती, कारण त्या झाडाखाली राजा राजा होत असे. झाड गेले म्हणजे घराण्याची अब्रू गेली. १०५१ साली कॉनाक्टच्या राजाने तोच बिले पुन्हा पाडला, अशीही नोंद आहे. मुळांसकट खणलेले झाड सत्तर वर्षांनी पुन्हा तोडले जाते, याचा अर्थ मधल्या काळात कुणीतरी तिथे नवे झाड लावले, वाढवले आणि त्याला जुन्याचाच मान दिला. ११११ साली उलाद लोकांनी तुल्लाहोग येथले वृक्ष तोडले. त्याचा सूड म्हणून पलीकडच्यांनी हजारांच्या हिशेबात त्यांच्या गाई वळवून नेल्या.

झाडाची किंमत गाईंत मोजणे आयरिश कायद्याला नवे नव्हते. आठव्या शतकातला ‘ब्रेथा कोमाथचेसा’ हा शेजाऱ्यांच्या हक्कांवरचा कायदा झाडांचे चार वर्ग करतो, प्रत्येक वर्गात सात झाडे. पहिला वर्ग ‘रानातल्या सरदारां’चा. त्यात ओक, हेझल, हॉली, यू, अॅश, पाइन आणि रानसफरचंद. दुसरा ‘रानातल्या रयते’चा, त्याखाली आणखी दोन. सरदार झाड बुंध्यातून तोडले तर दंड दोन दुभत्या गाई. ही झाडे सरदार का, याचीही कारणे टीकाकारांनी दिली आहेत. ओकची फळे डुकरांना खाऊ घालता येतात आणि त्याचा रुबाब मोठा. हेझलला खाण्याजोगे कठीण कवचाचे फळ. हॉलीचे लाकूड गाडीच्या दांड्यांना चालते. अॅशची शस्त्रे होतात. पूज्यता आणि उपयोग हे आपण दोन कप्प्यांत ठेवतो. त्या कायद्याने ते एकाच यादीत ठेवले.

पुराणकथांतही हेच मिश्रण दिसते. स्थळनामांच्या कथांच्या ‘दिनशेनखस’ या संग्रहात आयर्लंडच्या पाच महावृक्षांची हकिगत येते. त्यातल्या मुग्ना येथल्या ओकला ओकची फळे, सफरचंदे आणि हेझलची फळे अशी तीन पिके येत. रोस येथल्या यू वृक्षाची कथा मला सर्वांत बोलकी वाटते. संत मोलेशच्या प्रार्थनेने तो पडला आणि त्याच्या लाकडातला वाटा संत मोलिंगने मागून घेऊन आपल्या प्रार्थनामंदिराचे छप्पर शाकारले. नवा धर्म जुन्या झाडाखाली राहायला आला, तो असा. ब्रिजिद संतिणीच्या किल्डेअर या गावाचे नावच ‘ओकचे देऊळ’ असे आहे.

दिनशेनखसचा गद्य पाठ संपादून भाषांतरासह युरोपच्या अभ्यासकांपुढे ठेवणारे व्हिटली स्टोक्स आपल्या इतिहासाशी जोडलेले आहेत. डब्लिनला १८३० साली जन्मलेले हे पंडित १८६२ ते १८८२ हिंदुस्थानात नोकरीला होते. प्राचीन आयरिश शब्दकोश ‘सानस कोरमाक’ याचे त्यांनी सिद्ध केलेले भाषांतर १८६८ साली छापले गेले ते कलकत्त्यात. १८७७ पासून ते व्हाइसरॉयच्या मंडळात विधी सदस्य होते, आणि १८७८ चा भारतीय वन कायदा झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. त्या कायद्याने रानाचे राखीव, संरक्षित आणि ग्राम असे तीन वर्ग केले. देवाच्या नावाने सोडलेल्या रानासाठी त्यात वेगळा वर्ग नव्हता. सह्याद्रीतल्या देवरायांना सरकारी दफ्तरात पुढे जी कसरत करावी लागली, तिची सुरुवात इथे आहे. झाडांना सरदार आणि रयत म्हणणारी संस्कृती ज्यांना पोथ्यांतून पाठ होती, त्यांच्याच सदस्यत्वाच्या काळात हे घडले. त्यांच्यावर ठपका ठेवावा इतका पुरावा माझ्यापाशी नाही. पण जुन्या ग्रंथातले पूज्य झाड वाचणे आणि समोरच्या गावातले ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत, एवढे यातून मी शिकलो.

आयर्लंडचे पुढे काय झाले? इंग्रजांना राज्यारोहणाच्या जागांचे मोल चांगले ठाऊक होते. तुल्लाहोगचे ओ’नील घराण्याचे पाषाणासन लॉर्ड माउंटजॉयने १६०२ साली फोडले. त्या शतकात लोखंडाच्या भट्ट्या, जहाजे आणि पिंपांच्या फळ्या यांसाठी रानेच्या राने गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी देशाच्या जमिनीपैकी सुमारे एक टक्काच वनाखाली उरली होती. वृक्षपूजेच्या कथांनी जगभर ओळखला जाणारा हा देश युरोपातल्या सर्वांत उघड्याबोडक्या देशांत गणला जाऊ लागला. श्रद्धेने रान वाचते, हे विधान मी व्याख्यानांतून अनेकदा केले आहे. हा आकडा पाहिल्यापासून ते करताना जीभ अडखळते. ज्या समाजाची ती श्रद्धा होती, त्याच्या हातून जमीनच गेली. मग झाडाच्या बाजूने उभे राहणार कोण?

तरी एक झाड वाचले, आणि तेही त्याच क्लेअर परगण्यात. १९९९ साली लॅटून येथे नव्या रस्त्याच्या आखणीत एक हॉथॉर्नचे झुडूप येत होते. एडी लेनिहन या कथेकऱ्याने ‘आयरिश टाइम्स’ला पत्र लिहून जाहीर केले, की मन्स्टरच्या पऱ्या कॉनाक्टच्या पऱ्यांशी लढायला निघतात तेव्हा याच झुडपापाशी जमतात. ते तोडाल तर रस्त्यावर माणसे मरतील. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही गंमत उचलली. पण अभियंत्यांनी आखणीत फेरफार केला, आणि झुडुपाभोवती कुंपण घातले. २००२ साली कुणीतरी करवतीने त्याच्या फांद्या छाटून टाकल्या. पुढच्या काळात ते पुन्हा फुटले.

जुन्या कायद्याच्या यादीत हॉथॉर्न सरदारांत नाही, तो रयतेत आहे. त्याच्याखाली कुणी राजा झाला नाही, म्हणून कुठल्या शत्रूने तो मुद्दाम तोडलाही नाही. शेताच्या बांधावर तो उभा राहिला आणि त्याला हात लावू नये, एवढेच बाप मुलाला सांगत आला. माग अदरचा टेकाडवजा चौथरा आजही तिथे आहे. त्याच्यावरच्या बिलेचे नाव शकावलीत उरले, लॅटूनच्या झुडुपाला नाव नव्हतेच.

आता देवरायांवर बोलायची वेळ आली, की मी वृक्षपंचांग सांगत नाही. लॅटूनच्या झुडुपाची हकिगत सांगतो आणि मग श्रोत्यांना विचारतो, की तुमच्या गावच्या देवराईची हद्द कुठून कुठपर्यंत, ते आज कोणाला ठाऊक आहे?